पॅटर्नराव

लातूरच्या माणसाला ऋतू दोनच: परीक्षेचा आणि टँकरचा. आमचा पॅटर्नराव तिसरा ऋतू बघायला शिकागोला आला आणि आल्या आल्या त्यानं त्याचाही पोर्शन काढला.

हे नाव घरच्यांनी ठेवलेलं नाही, आम्ही ठेवलं. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत होतो. विष्णुपुरीच्या होस्टेलवर पहिल्या रात्री यानं पेटीतून सगळ्यात आधी काय काढलं, तर वेळापत्रक. ते भिंतीला चिकटवलं. त्यात ‘दात घासणे : ५.१० ते ५.१४’ अशी नोंद होती. मी विचारलं, “का बे, चार मिनिटं कशाला?” तर म्हणाला, “वरच्याला दोन, खालच्याला दोन. लातूर पॅटर्न हाय हा.” त्या रात्रीपासून तो पॅटर्न झाला आणि लग्नानंतर पॅटर्नराव.

लातूर पॅटर्न काय चीज आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको. आधी पोर्शन संपवायचा, मग उजळणी, मग सराव परीक्षा, मग सराव परीक्षेत जे चुकलं त्याची पुन्हा सराव परीक्षा. याच रेट्यावर लातूरनं एके काळी बोर्डाची मेरिट लिस्ट ताब्यात घेतली. गावोगावची पोरं वळकट्या घेऊन लातुरात उतरू लागली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; तिथं नव्या माणसाचा पत्ता चुकायचा, ट्यूशन चुकायची नाही. लोक म्हणायचे, ही घोकंपट्टी आहे. लातूरकर शांतपणे विचारायचे, “बरं, मार्क किती पडले?” पॅटर्नराव याच मातीतला. जगात अवघड असं काही नसतं, सराव न झालेलं असतं, हा त्याचा धर्म.

मी नांदेडचा. आमच्या गावाला गोदावरी आहे, हुजूरसाहिब आहे, आणि घाई अजिबात नाही. त्यामुळं आमचं भांडण जुनं. महसूल आयुक्तालय नांदेडला पाहिजे की लातूरला, हा वाद आम्ही होस्टेलच्या गच्चीवर सुरू केला, तो आता मिशिगन सरोवराच्या काठावर चालू आहे. आयुक्तालयाचं जे व्हायचं ते होवो, वाद मात्र तब्येतीनं चांगला आहे.

शिकागोत डेवॉन रस्त्यापासून चार गल्ल्यांवर एक दोन मजली घर आहे. खाली पॅटर्नराव, वहिनी आणि त्यांची लेक, वर मी. डेवॉनच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव दिलेलं आहे आणि तिथं कोथिंबिरीपासून करदोड्यापर्यंत सगळं मिळतं. म्हणजे पोटाचा प्रश्न मिटलेला. उरतो फक्त हिवाळा.

ऑक्टोबर लागला की खालच्या मजल्यावर सराव परीक्षा सुरू होते. पेपर पहिला : कपडे घालणे. वेळ : तीन मिनिटं. पॅटर्नराव हातात घड्याळ घेऊन सोफ्यावर बसतो. आधी अंगालगतचे गरम कपडे, मग स्वेटर, मग जाकीट, दोन जोड मोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, कानटोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले तर जाकिटाची चेन लावता येत नाही. ही चूक वहिनी दरवर्षी करतात आणि दरवर्षी त्यांचे दोन मार्क जातात. लेक हुशार. तिनं गेल्या खेपेला दोन मिनिटं चाळीस सेकंदांत सगळं चढवलं, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, शू.” पॅटर्नरावनं वही उघडून पुढच्या वर्षीच्या सूचनांत एक कलम वाढवलं.

मग लेकीची तोंडी परीक्षा. “बाहेर उणे दहा हाय, वारं सुटलंय. काय करशील?”

“घरात बसंन.”

त्यानं पैकीच्या पैकी मार्क दिले. उत्तर बरोबरच होतं.

इथं तापमान दोन सांगतात. एक असतं ते, आणि दुसरं वाऱ्यामुळं अंगाला वाटतं ते. पॅटर्नराव त्यांना लेखी आणि तोंडी म्हणतो. “आज लेखीला उणे बारा हाय, पण तोंडीला उणे पंचवीस. तोंडीलाच मारतेत लेकाचे.” शिवाय सगळा हिशेब फॅरेनहाइटमध्ये. बत्तीस वजा करा, पाचनं गुणा, नऊनं भागा. हा सगळी गणितं तोंडी करतो आणि सोबत टीप देतो, “उणे चाळीसला दोन्ही सारखेच येतेत. हमखास विचारतेत हे.” आजवर कुणी विचारलेलं नाही.

लातूरहून अप्पांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, रोज फोन असतो. डिसेंबरात अप्पा घाबऱ्या आवाजात सांगतात, “परभणीचा पारा नवावर आला म्हनं. पेपरात शेकोटीचा फोटो आलाय. तुमच्याकडं किती?”

“उणे अठरा, अप्पा.”

अप्पा जरा वेळ गप्प राहिले. “उणे? म्हंजे थंडीला बी निगेटिव्ह मार्किंग हाय का तिथं?”

लातुरात राहून नीटच्या क्लासच्या जाहिराती बघितलेला माणूस आणखी काय विचारणार!

एवढी तयारी, पण नापास व्हायचा प्रसंग आलाच. रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा बसतो, तो काचेसारखा असतो आणि डांबराच्याच रंगाचा दिसतो. त्यावर कसं चालायचं याच्या पॅटर्नरावकडं दीड पानी नोट्स आहेत. पाय फाकवून, बदकासारखं, हात खिशाबाहेर ठेवून. एका सकाळी या नोट्स तो मला समजावून सांगत होता. सांगताना वळून माझ्याकडं बघितलं आणि क्षणात आडवा. मी धावलो. तो आभाळाकडं बघत म्हणाला, “थांब. कुठं चुकलं ते बघू दे.” आणि खरंच दोन मिनिटं तसाच पडून चूक शोधत राहिला. शेवटी निकाल दिला, “बोलत चालायचं हे सिलॅबसात नव्हतं.”

काही धडे मात्र त्याला न शिकवता आले. शिकागोत एक जुनी चाल आहे. रस्त्याकडेचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली की गाडी काढताना तिथं मोडकी खुर्ची ठेवून जायचं. म्हणजे जागा तुमची. कायद्यात असं काही नाही, पण खुर्ची सहसा कुणी हलवत नाही. बाकीच्या देशी मंडळींना याचं फार नवल वाटतं. पॅटर्नरावला कसलं नवल? लातूरच्या बसस्टँडावर एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून दस्ती आत टाकून त्यानं अख्ख्या खानदानाच्या जागा धरल्या आहेत. पहिल्या हिवाळ्यात त्यानं रिकाम्या जागेवर दस्तीच टाकली होती. दस्ती बर्फाखाली गेली आणि वर कुणाची तरी गाडी उभी राहिली. तो चिडला नाही. म्हणाला, “चूक आपलीच. दस्ती चालत्या गाडीत टाकायची असतीया.” दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. त्या खुर्चीच्या पाठीला आजही ती दस्ती बांधलेली असते.

बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना शिकागोची महापालिका २०२३ पासून लोकांनी सुचवलेली नावं देते. पॅटर्नरावनं दरवर्षी ‘सर्जा’ सुचवलं. निवड झाली नाही. तरी पोळ्याला नाव घेतल्यासारखं तो प्रत्येक गाडीकडं बघून तेच नाव घेतो. कडाक्याच्या थंडीत इथं रेल्वेचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांपाशी गॅसचे जाळ पेटवतात. लांबून वाटतं रूळच पेटले. ते पहिल्यांदा बघून हा म्हणाला, “रुळाला शेकोटी, अन् मला हापिस. न्याय हाय का हा?”

इथवर वाचून कुणाला वाटेल, माणूस नुसता चक्रम आहे. पण पॅटर्नरावच्या आत आणखी एक माणूस राहतो, आणि त्याला परीक्षेशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त पाणी दिसतं.

शिकागोत उतरल्यावर पहिल्या रविवारी मी त्याला मिशिगन सरोवर दाखवायला नेलं. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, समुद्रच म्हणा ना. हा वाकला, ओंजळ भरली आणि चाखली. “गोडं हाय बे!” असं ओरडला की दोन बदकं उडाली. तिथल्या तिथं आकडे काढले. सरोवर अठ्ठावन्न हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. अख्खा मराठवाडा, आठही जिल्हे धरून, साधारण चौसष्ट हजार. “म्हंजे आपला एखादा जिल्हा सोडला तर बाकी सगळा मराठवाडा पाण्याखाली!” हे तो आनंदानं सांगत होता. लगेच अप्पांना फोन. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, “अन् वरच्या धरनवाल्यांनी अडवलं न्हाई का?”

नाशिक-नगर आणि जायकवाडी यांचं भांडण ऐकत म्हातारा झालेल्या माणसाला गोडं पाणी दिसलं की आधी वरचं धरण आठवतं. पुढं अप्पांना कळलं की या शहरानं १९०० साली आपली नदीच उलटी वाहायला लावली, सरोवरात घाण जाऊ नये म्हणून. अप्पा म्हणाले, “नदी उलटी फिरवली? आपल्याकडं कालवा सरळ चालंना की रं!”

तेव्हापासून पॅटर्नराव बर्फ बघत नाही, पाणी बघतो. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळला तर साधारण एक इंच पाणी निघतं. अंगण वीस फूट बाय वीस फूट. सकाळी पट्टी खुपसून खिडकीतून मला ओरडून सांगतो, “पाच इंच! आपल्या दारात पावनेपाचशे लिटर पडलं!” आणि मार्चात ते सगळं वितळून जायला लागलं की त्याच्या जिवाची घालमेल होते. “गेलं रे नालीत. सगळं नालीत चाललं.” मी गोदाकाठचा. पाणी जातंच, पुढून दुसरं येतं, अशी माझी समजूत. तो माझ्याकडं असा बघतो, की जणू नोटा जाळताना त्यानं मला पकडलंय.

आता २०२४ च्या येळवशीची गोष्ट. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडचा मोठा सण. त्या दिवशी लातूर शहरात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, आणि भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आंबील असं जेवण. शेत नसलेल्याला शेतवाला हाताला धरून नेतो. त्या वर्षी अमावस्या ११ जानेवारीला, गुरुवारी आली. पण अमेरिकेत आपल्या सगळ्या तिथ्या शनिवारी येतात. त्यामुळं आमची येळवस १३ तारखेला. आणि १२ ला बर्फाचं वादळ येऊन गेलेलं.

“पुढच्या वर्षी करू,” मी म्हणालो.

“येळवस काय रिपीटरला असती का?” पॅटर्नराव कानटोपी ओढत म्हणाला.

कडबा कुठला आणायचा? नाताळ झाला की इथले लोक घरातली सुचीपर्णी झाडं मागच्या गल्लीत टाकून देतात. आम्ही चार ओढून आणली. सात वर्षांच्या लेकीनं त्यांच्यावरची चमकी काढू दिली नाही. अशी चकाकणारी कोप मांजरा खोऱ्यानं कधी बघितली नसेल. पांडव बर्फाचेच वळले. चुना लावायची गरज पडली नाही. भज्जीला लागणारे ओले दाणे डेवॉनच्या दुकानातल्या गोठवलेल्या पाकिटांतून आले, आणि वहिनींनी आंबील अशी केली की मी दोन मिनिटं नांदेड विसरलो. पॅटर्नरावनं अंगणाच्या चारी कोपऱ्यांत आंबील शिंपडली. ती पडल्या जागी गोठली. शेजारची पोलिश आजी कुंपणापलीकडून बघत होती. शेतवाल्यानं बोलवायचं असतं म्हणून यानं तिलाही बोलावलं. तिनं एक उंडा खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला आणि जाता जाता बजावलं, येत्या काही रात्री फार वाईट आहेत. रात्रभर नळ बारीक चालू ठेवा, नाहीतर पाइप गोठून फुटतील.

पॅटर्नरावचा चेहरा उतरला. तो त्या सणातून उठलाच.

“रात्रभर? नळ? चालू?”

वाहतं पाणी सहजी गोठत नाही आणि पाइपात दाब साचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेखीला आलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण हा प्रश्न तोंडीलाही नव्हता. हा प्रॅक्टिकलचा होता.

सोमवारी, १५ जानेवारीला, रात्री पारा उणे वीसच्या खाली गेला. शहरात विजेवरच्या गाड्या चार्ज होईनात म्हणून रस्त्यात ताटकळल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. साडेअकराला माझं दार वाजलं.

“बादल्या हायत का तुझ्याकडं?”

दोन दिल्या. बाराला पुन्हा वाजलं. “पातेलं?” साडेबाराला तो माझा कुकर घेऊन गेला. तीन वाजता मला राहवेना. मी खाली उतरलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, जमिनीवर, फ्रिजवर भांडी. घागर, डेगची, इडलीचं पात्र, लेकीची वाळूत खेळायची लाल बादली, सगळं काठोकाठ. मध्ये स्टुलावर जाकीट आणि कानटोपी घालून पॅटर्नराव नळाखालचं भांडं बदलत होता. नळातून पेन्सिलीच्या टोकाएवढी धार. समोर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर अप्पा. तिकडं दुपारचे अडीच वाजले होते. जेवण करून अप्पा धार बघत बसले होते.

“जरा बारीक कर,” अप्पा म्हणाले.

“बारीक केली की गोठती म्हनं, अप्पा.”

“मग ऱ्हाऊ दे. भांडं भरलं बघ, भांडं भरलं.”

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून कलम १४४ लावलं होतं. अप्पा सत्तरीचे, रात्री दोन-दोन वाजता टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे. आणि हा इथं, जगातल्या एका मोठ्या गोड्या सरोवराच्या काठी, नळ सोडला की हवं तेवढं पाणी अशा घरात. त्या उन्हाळ्यात पॅटर्नरावनं दाढी करायचं सोडून दिलं होतं. विचारलं तर म्हणायचा, वेळ मिळत नाही. वेळापत्रकात चार मिनिटं दातांना देणारा माणूस!

मी गुमान एक पातेलं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. पहाटेपर्यंत आम्ही दोघं आणि अप्पा पाणी भरत होतो. आयुक्तालयाचा विषय निघाला नाही.

सकाळी मोजदाद झाली. बासष्ट लिटर. वहिनी उठून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता चहा कुठल्या भांड्यात करू?” एवढ्यात मागच्या दारी पोलिश आजी. डोक्याला शाल, हातात रिकामी किटली. दुसऱ्याला शहाणपण शिकवून स्वतःचा नळ उघडा ठेवायला ती विसरली होती. तिच्या घरात थेंब नव्हता.

पॅटर्नरावनं तिच्या हातातली किटली काढून घेतली, बाजूला ठेवली आणि दोन भरल्या बादल्या उचलल्या. पाय फाकवून, बदकासारखा, एक शब्दही न बोलता तो बर्फावरून पलीकडं गेला. एक थेंब सांडू दिला नाही. परत आला आणि पुन्हा दोन घेऊन गेला.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. शिकागोतल्या या सकाळी आजीकडून घरात येऊन हातमोजे काढल्यावर पॅटर्नरावनं वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं : ‘टँकर. फेऱ्या २. बादल्या ४.’